सुपातली तीन मिनिटं

नागऱ्याच्या देवकाबाईच्या घरातून सुनेनं माहेरी जाणं म्हणजे गाईनं कोंडवाड्याची कडी आपल्याच शिंगानं काढण्यासारखं होतं. नियमच तेवढे. शनिवारी पाठवायची नाही, अमावसेला नाही, घरात कोणाला ताप असला तर नाही, रोवणा म्हणजे भातलावणी सुरू असली तर नाही, धान कापणीला आलं तर मुळीच नाही. न्यायला मुराळी आला पाहिजे, म्हणजे माहेरचा भाऊ. एकट्या बाईनं गाडीत बसायचं नाही. अन् तो मुराळी काही कारणानं रिकामा परत गेला, तर वर्षभर त्यानं पुन्हा तोंड दाखवायचं नाही. हे सगळे नियम देवकाबाईच्या सासूनं घातलेले. देवकाबाईनं ते भोगले होते, अन् भोगलेली वस्तू कोणी फुकट सोडते का?

धुरपता त्या घरची एकुलती एक सून. माहेर सालेकशाच्या पलीकडं, आगगाडीनं दोन-अडीच तास अन् मग पायी एक कोस. दूर म्हणावं असं नाही. पण एकोणीसशे एकोणपन्नास उजाडलं तेव्हा तिला माहेर बघून सहा वर्षं झाली होती. एका वर्षी भाऊ आला तो शनिवारी. एका वर्षी सासऱ्याचा पाय मोडलेला. एका वर्षी भाऊ दारात उभा अन् त्याच घटकेला म्हैस व्यायला बसली. देवकाबाई म्हणाली, घरात बाळंतपण असताना सून जात नसते. म्हशीचंही बाळंतपणच ते. नवरा बकाराम हसला, पण बोलला नाही. तो बोलायचा कमी, नांगरापाशी तेवढा बोलायचा, बैलांशी.

त्या वर्षी आमगावच्या बाजारात कोणाच्या तरी हाती निरोप आला. भाऊ श्यामलालनं सांगून पाठवलं होतं: मायचा एक डोळा गेला, दुसऱ्यावर पडदा येऊन राहिला. दिसून राहिलं तवरिक पोरीचं तोंड पाहीन म्हणते.

धुरपतानं निरोप सासूला सांगितला अन् चुलीपुढं बसून राहिली. तिसऱ्या दिवशी देवकाबाई भाकर थापता थापता म्हणाली, "अक्तीले जाय. पण दिवस बुडाच्या आत माह्या उंबरठ्याच्या बाहेर तुहा पाय पडला पायजे. आठव्या दिवशी वापस. अन् मुराळी चुकला तं माह्याजवळ रडत येऊ नोको. यंदाचं माहेरचं मूळ संपलं समजजो."

अक्ती म्हणजे अक्षय तृतीया. ठरलं असं, की श्यामलाल सकाळच्या गाडीनं गोंदियाला उतरेल, स्टेशनातल्या नळापाशी बसून राहील, अन् दुपारी तीनच्या पॅसेंजरनं दोघं जातील. धुरपतानं त्या दिवसापासून रोज बोटांवर दिवस मोजले. मोजण्यात चूक नव्हती. चूक भलतीकडूनच आली, अन् ती आली तिच्या हाताच्या चांगलेपणातून.

धुरपता गोंदियाला गुलाबचंद सेठच्या राइस मिलमध्ये पाखडणीला जायची. नागरा ते गोंदिया दीड कोस. पहाटे निघायचं, दिवसभर सूप हलवायचं, दिवेलागणीला घरी. पाखडणाऱ्या पंधरा-वीस बाया असत, पण धुरपताचा हात वेगळा. दोन हलके झटके अन् एक भारी, सर-सर-झप्प, सर-सर-झप्प. सकाळी जसा तसाच संध्याकाळी. बाकीच्या बाया बोलायला लागल्या की त्यांचं सूप अडखळायचं. धुरपता भांडायला लागली तरी सूप आपलं चालूच.

मिलच्या भिंतीपलीकडून रोज एक माणूस जायचा, सिरिल मास्तर. मूळचा गोव्याचा, दिवसा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बसायचा अन् शनिवारी संध्याकाळी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये पितळी तुतारीसारखं वाद्य वाजवायचा, ट्रम्पेट म्हणतात त्याला. तिथं गोरे अन् अर्धगोरे साहेब लोक बायकांच्या कमरेला हात घालून नाचत, त्यांना हा मास्तर अन् त्याचे सहा वाजवणारे चाली पुरवत. चाली क्युबा नावाच्या बेटावरच्या. रुंबा म्हणायचे. त्या बेटावर म्हणे ऊस पिकतो अन् तंबाखू पिकते. तंबाखू म्हटल्यावर गोंदियाच्या बिडीवाल्यांना ते बेट बालाघाटाच्या पलीकडंच कुठंतरी असावंसं वाटायचं.

स्वराज्य आलं अन् साहेब लोक बिऱ्हाडं आवरायला लागले. बँडमध्ये एक गार्डसाहेब होता. तो दोन सुके भोपळे हलवायचा, आत बिया असलेले, खुळखुळ्यासारखे. रुंब्यात त्यांच्यावाचून जीव नाही. तो विलायतेला गेला, अन् जाताना भोपळे घेऊन गेला. आता उरलेला बँडही मोडणार होता, म्हणून मास्तरनं कलकत्त्याच्या एका कंपनीला लिहून लिहून राजी केलं होतं: मोडायच्या आधी आमच्या तबकड्या काढा. चार तबकड्या, आठ बाजू, पुठ्ठ्याच्या पुस्तकात घातलेल्या. त्याला आल्बम म्हणत. पण भोपळेच नाहीत. मास्तरनं डब्यात तांदूळ घालून बघितले, पोरांचे खुळखुळे बघितले. अन् एक दिवस भिंतीपाशी तो जागच्या जागी थांबला. पलीकडं सर-सर-झप्प चाललं होतं.

सेठजीला गाणंबजावण्याचा नाद होता. त्यानं नुसती बाईच दिली नाही, गोदामही दिलं. भिंती दोन हात जाड, आत पोत्यांची थप्पी, घुमत नाही. अडचण एकच, मिलचं इंजिन दिवसभर धडधडायचं. ते वर्षातून मोजून तीन-चार दिवस बंद. त्यातला जवळचा दिवस अक्तीचा.

मुकादम चुन्नीलालनं हे धुरपताला सांगितलं तेव्हा तिच्या हातातलं सूप पहिल्यांदा अडखळलं.

"अक्तीले नाई जमत जी. मी माहेरी जाऊन राहिली."

"कितने बजे?" चुन्नीलालचं बोलणं गोंदियाचं, अर्धं हिंदीत अन् उरलेलं तंबाखूत.

"तीनची गाडी."

"अरे, तो काय झालं? दस बजे आ, एक बजे छुट्टी. सेठजीनं जबान दिली आहे. नाही आली तो फिर कामाला भी मत येजो."

झालं. इकडं देवकाबाईचा शब्द, तिकडं सेठजीचा. दोन्ही शब्द दुसऱ्यांनी दिलेले अन् पाळायचे धुरपतानं.

अक्तीच्या दिवशी पहाटे तिनं पितरांची घागर भरली, सासूच्या पाया पडली अन् गाठोडं काखेत मारून उंबरठा ओलांडला. देवकाबाईनं वर बघितलं नाही. एवढंच म्हणाली, "ऊन लागन. डोकस्यावर पदर घे."

गोदामात पाय ठेवला तर आतलं रूपच बदललेलं. भिंतींना बारदानं टांगलेली, खाली तुसाचा जाड थर अंथरलेला, वरचे झरोके गोणपाटानं बुजवलेले. वैशाखातलं ऊन बाहेर, अन् आत धान उकळायच्या कढईत बसल्यासारखं. मधोमध एका खांबावर लोखंडी कणसासारखं काहीतरी उभं होतं. त्यात बोललेलं वायरीतून कोपऱ्यातल्या यंत्राकडं जायचं. यंत्रापाशी कलकत्त्याचा बाबू, गंजीफ्रॉकवर, घामानं निथळत. त्याच्याजवळ मेणाच्या जाड तबकड्या. त्यावर एकदा सुई फिरली की झालं. खोडता येत नाही, पुसता येत नाही. एक बाजू तीन मिनिटांची. तीन मिनिटांत चूक झाली तर ती तबकडी फुकट.

पाहुणे वाजवणारे दोन. एक धुरपता, अन् दुसरा दंडारीतला, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळातला, ढोलकीवाला कवडू. कवडू पन्नाशीचा, डोक्याला गुलाबी फेटा. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांत रात्र रात्र ढोलकी वाजवून त्याचे पंजे जोड्याच्या तळव्यासारखे झाले होते. धुरपताला बघून म्हणाला, "ये व माय, बस. तू बी फसली काय?"

"मले एक वाजता सोडतो म्हणले."

"मले तं सांगतलं, जेवाले घालतो," कवडू म्हणाला. "सकाळपासून बसून राहिलो. साहेबाचं वाजवणं चालूच हाय."

खरंच, मास्तर धरून बँडच्या सहा माणसांच्या स्वतःच्या सात बाजू आधी चालल्या होत्या. चुन्नीलालनं दाराला बाहेरून कुलूप घातलं होतं. कारण आधी दोनदा ऐन वाजवण्यात कोणी दार लोटलं होतं, एकदा पोरांनी अन् एकदा शेळीनं. मग सेठजीनं हुकूम दिला, "जब तक बाजा बज रहा है, दरवाजा नहीं खोलना. बाजा थांबला तर उघडायचं." चुन्नीलाल हुकमाचा पक्का माणूस होता. त्याला दुसरं काही यायचंही नाही.

सात बाजू संपायला साडेबारा झाले. आता राहिली शेवटची, पाहुण्यांची. त्या बाजूसाठी मेणाच्या चार तबकड्या शिल्लक. धुरपताला कणसासमोर पाटावर बसवलं, सुपात दोन शेर तांदूळ दिले. मास्तर समोर उकिडवा बसून म्हणाला, "बाई, तुम कुछ सोचो मत. रोज जैसा करता है वैसाच करो." गोरा नव्हता तो, सावळाच होता, अन् डोळे गाईसारखे. तिला त्याची भीती वाटली नाही. भीती वाटत होती ती दाराची.

बाबूनं हात वर केला, लाल दिवा लागला. पहिली थाप कवडूची ठरली होती. कवडूनं ढोलकीला हात लावला, कपाळाला लावला, डोळे मिटले अन् नमन सुरू केलं. दंडारीत नमन झाल्याशिवाय ढोलकीवर थाप पडत नसते. आधी गणपतीला, मग सरस्वतीला, मग गावच्या मारोतीला, मग गुरूला, मग चारी दिशांना. मास्तर हातात ट्रम्पेट धरून तसाच बघत राहिला. बाबूला वाटलं, चालीतच असेल असं. कवडू दक्षिणेपर्यंत आला अन् तबकडी संपली.

"ये क्या किया?" बाबू म्हणाला.

"नमन केलं जी."

"किसको?"

"आता सुरुवातच झाली होती. पश्चिम अन् उत्तर राह्यलं." कवडूला वाटलं, माणूस उरलेलंही ऐकायला उत्सुक आहे.

मास्तर हसला नाही. त्यानं कवडूला नीट सांगितलं, की नमन आधी कर, पाहिजे तेवढं कर, पण लाल दिव्याच्या आधी. कवडूनं मग पहिल्यापासून पुन्हा केलं. कारण अर्धं नमन म्हणजे नमनाचा अपमान. त्यात पाव तास गेला.

दुसऱ्या तबकडीवर सगळं जुळलं होतं. ट्रम्पेट निघाला, त्याच्याखाली ढोलकी, अन् ढोलकीच्या खाली सर-सर-झप्प. अंगाला झिणझिण्या आल्या धुरपताला. असं पाखडणं तिनं कधी ऐकलं नव्हतं, ते आपलंच आहे असं वाटेना. अन् तेवढ्यात रेल्वे यार्डातल्या इंजिनानं लांबलचक शिट्टी फुंकली. जाड भिंतीतूनही आली ती. बाबूनं कपाळावर हात मारला.

मग वाट बघणं. यार्डात डबे जोडणं चालू होतं; एक इंजिन गेलं की दुसरं यायचं. चुन्नीलालनं दार उघडून पाण्याची घागर आत दिली, अन् कोणी काही म्हणायच्या आत पुन्हा कुलूप लावलं. धुरपता दाराच्या फटीतून येणारी उन्हाची रेघ बघत होती. सकाळी ती रेघ थप्पीच्या तिसऱ्या पोत्यावर होती. आता जमिनीवर उतरली होती. श्यामलाल नळापाशी बसला असेल. मायनं त्याला सांगितलं असेल, रिकामा येऊ नोको बाबू. माय आता दारातच बसली असेल, एका डोळ्यानं वाटेकडं बघत. तो डोळा किती दिवसांचा?

"कवडूदादा, किती वाजले?"

"घड्याळ मास्तरपाशी हाय. मी तं भुकेवरून सांगतो. दोन."

तिसरी तबकडी लागली ती दोननंतर. यार्ड गप्प होतं. सगळं छान चाललं होतं, बाबू मान डोलावत होता, शेवट अर्ध्या मिनिटावर आला होता. अन् सुपाच्या कडेला तूस जमलं. सहा वर्षं ज्या बाईनं रोज सूप धरलं, तिच्यासमोर कडेला तूस जमलं की ती काय करेल? धुरपतानं वाकून फुंकर मारली. फूऽऽ. समोर लोखंडी कणीस. यंत्रावरची सुई थरथरली, बाबू कानावरचं उपकरण काढून उभाच राहिला, जसं काही कोणी त्याच्या कानात वादळ सोडलं.

धुरपताचं तोंड तापलं. कवडूच हळू म्हणाला, "माह्या नमनापरीस बरं. लवकर झालं."

आता एकच तबकडी उरली. मास्तरनं खिशातून घड्याळ काढलं, बाहेर कान लावला. यार्डात पुन्हा इंजिनं बोलायला लागली होती. तो रेल्वेचाच माणूस; कुठली गाडी कधी येते अन् किती थांबते, सगळं त्याच्या बोटांवर. म्हणाला, "तीन बजे पॅसेंजर आएगा. पानी लेने को बीस मिनट खड़ा रहता है. उतना टाइम यार्ड में कोई हिलता नहीं. तब करेंगे."

"सालेकशाले जाते, ते?" धुरपतानं विचारलं.

"वहीच."

"ते माही गाडी हाय जी. माहा भाऊ हाय तिथी."

मास्तर तिच्याकडं बघत राहिला. सकाळी कोणीतरी आपल्याला हे सांगायला हवं होतं, असं काहीतरी त्याच्या तोंडावर आलं. मग म्हणाला, "बाई, तीन मिनट का काम. गाड़ी बीस मिनट खड़ा. तीन मिनट बजाओ, फिर भागो. स्टेशन सामने है."

हिशेब बरोबर होता. गोदामापासून स्टेशन पाच-सात मिनिटांवर. धुरपतानं गाठोडं पाटाशेजारी आणून ठेवलं, लुगड्याचा काष्टा घट्ट केला अन् सूप हातात घेतलं. त्या घटकेला तिला तो ताल, तो बाबू, तो रुंबा, कशाचंच काही नव्हतं. तिला फक्त ती तीन मिनिटं पाखडून दाराबाहेर टाकायची होती.

पॅसेंजर आली. जमीन थोडी हादरली, ब्रेक कर्कशले, मग माणसांचा दुरून गलका, मग शांत. बाबूनं हात वर केला. लाल दिवा.

कवडूची थाप पडली, ट्रम्पेट निघाला. अन् धुरपताचं सूप निघालं ते पुढंच. सर-सर-झप्प, सरसरझप्प. हाताला कळत होतं की हे नेहमीचं नाही, पण हात ऐकेना. आयुष्यात कधी न चुकलेला हात त्या दिवशी धावत सुटला, जसा काही तोच गाडी पकडणार होता. कवडूनं चमकून बघितलं. मास्तरचे डोळे मिटलेले होते ते उघडले. थांबवता तर येत नव्हतं, शेवटची तबकडी. मग त्यानं भुवया उंचावल्या, मान हलवली अन् तोही तिच्यामागं धावला. त्याच्यामागं बाकीचे पाच. कवडूला तर तेच पाहिजे होतं. दंडारीत शेवटाला असंच पळतात. गोदामातला घाम, ती बारदानं, ती बंद हवा, सगळं त्या सुपाच्या मागं दाराकडं पळत सुटलं, अन् दार जागच्या जागी.

संपलं तेव्हा बाबूनं बोट उचलून सगळ्यांना गप्प ठेवलं, सुई उचलली अन् पहिल्यांदा हसला.

धुरपता कधीच दारापाशी होती. तिनं दार ठोकलं. "मुकादमजी. दार उघडा."

बाहेरून काही नाही. चुन्नीलाल अक्तीचा आमरस ओरपून समोरच्या निंबाखाली आडवा झाला होता. कवडूनं दारावर दोन्ही पंजे आपटले. ढोलकीवाल्याचा हात, दार दणाणलं. सहाही जणांनी हाका मारल्या. मग मास्तरला सुचलं. तो पोत्यांच्या थप्पीवर चढला, झरोक्यातलं गोणपाट ओढून काढलं अन् ट्रम्पेटचं तोंड बाहेर काढून फुंकला. असा फुंकला की आमगावला ऐकू जावं.

चुन्नीलाल जागा झाला. त्यानं ऐकलं. बाजा बज रहा है. हुकूम आठवला. त्यानं कूस बदलली.

मास्तरनं पुन्हा फुंकलं, दहा-बारा मिनिटं फुंकतच राहिला. कवडूनं दारावर ताल धरला. चुन्नीलालच्या मनात आलं, ही चाल आधीच्यापेक्षा जोरदार आहे, सेठजी खूश होतील. किल्ली कमरेला होती. मुकादम वीस पावलांवर होता. अन् आत जितकं जास्त वाजत होतं, तितकं दार जास्त बंद होत होतं.

हे पहिल्यांदा धुरपताच्या डोक्यात आलं. मिलमध्ये सहा वर्षं चुन्नीलालच्या हुकमाखाली काढलेली बाई ती. ती वळली अन् म्हणाली, "बंद करा. वाजवणं बंद करा सगळं. हाका बी नोका मारू."

"काऊन व?" कवडू म्हणाला.

"तो बाजा थांबाची वाट पाहून राहिला."

सगळे गप्प झाले. नऊ माणसं श्वास धरून उभी. त्या शांततेत स्टेशनावरची घंटा स्वच्छ ऐकू आली. मग गार्डची शिट्टी. मग इंजिनाची. धुरपता दाराला कपाळ टेकून उभी होती. लाकूड तापलेलं होतं. पहिला भुस्स झाला, मग दुसरा, मग ते भराभर व्हायला लागले, अन् गाडी पूर्वेला निघून गेली. ती पार ऐकू येईनाशी झाली तेव्हा कुलपात किल्ली फिरली.

"हो गया?" चुन्नीलालनं विचारलं. मिशीला आमरस लागलेला होता.

तरी ती पळाली. गाडी गेलेल्या स्टेशनाकडंही माणूस पळतच जातो. नळापाशी कोणी नव्हतं. चणे-फुटाणे विकणारी म्हातारी नंदाबाई टोपलीवरच्या माश्या हाकत होती. म्हणाली, "पोरगा होता एक, पांढऱ्या टोपीचा. तीनदा फाटकापाशी जाऊन आला. मंग म्हणला, औंदाही नाई पाठवली तिच्या सासूनं. अन् बसला गाडीत."

धुरपता तिथंच बसली. तेव्हा तिला दिसलं की गाठोड्याबरोबर आपण सूपही घेऊन आलो. सेठजीचे चार तांदूळ विणीत अडकलेले होते. नागरा दीड कोस. घरी जायचं, देवकाबाई दारात असेल, काही विचारणार नाही, नुसती बघेल. मग भाकरी, मग रोवणा, मग कापणी, मग पुढची अक्ती. पुढच्या अक्तीला श्यामलाल येईल, अन् माय म्हणेल, ये, जवळ ये, तुह्या तोंडाले हात लावू दे.

मागून मास्तर अन् कवडू आले. मास्तरनं टोपी हातात धरली होती. "मेरा गलती," म्हणाला. "साडेचार को एक और पॅसेंजर है."

"एकटीनं नाई जात आमच्या घरच्या बाया," धुरपता म्हणाली.

कवडू तिच्याशेजारी टेकला. "मी येऊ काय मुराळी म्हणून? माह्या फेट्याकडं पाहून कोणी भाऊ नाई म्हणनार, पण येतो."

"तुमी कोनाचे कोन. उलटं तोंड काळं होईन." ती हे म्हणाली खरी, पण थोडं हसली. मग बराच वेळ सुपातले तांदूळ नखानं काढत बसली. एक एक काढून तिनं रुळावर टाकला. सगळे संपले तेव्हा म्हणाली, "कवडूदादा, नागऱ्याले जान काय? आत्याबाईले सांगान, दिवस बुडाच्या आत उंबरठा ओलांडाचा होता. तो म्या सकाळीच ओलांडला. मुराळी चुकला. मी नाई चुकली."

कवडूनं फेटा नीट केला. "सांगतो. अन् मारलं तं?"

"मारत नाई. पाहाते नुसती."

"मंग मारलेलंच बरं होतं," कवडू म्हणाला, अन् निघाला.

मास्तरनं तिला तिकीट आणून दिलं अन् जनानी डब्यात बसवलं. गाडी सुटल्यावर धुरपताला वाटलं, आपण त्या गोदामातच आहोत, फक्त गोदाम चालायला लागलंय. सूप छातीशी उभं धरलं होतं ढालीसारखं. प्रत्येक स्टेशनावर वाटायचं, आता कोणीतरी चढेल अन् म्हणेल, उतर, कोणासंगं आली? आमगावला एक पोलीस खिडकीपाशी आला तर तिनं सूप तोंडापुढं धरलं. त्याला प्यायला पाणी पाहिजे होतं.

घरी पोचली तेव्हा दिवे लागून गेले होते. श्यामलाल ताटावरून उठला अन् बोलायचंच विसरला. माय दारातच बसलेली होती. तिनं हाक ओळखली, हात पुढं केले, मग मागं घेतले. म्हणाली, "आता नोको. दिव्यात नाई दिसत मले. सकाळी पाहीन." अन् खरंच रात्रभर तिनं पोरीला हातही लावला नाही, जसं सणाचं पक्वान्न आधी चाखायचं नाही तसं. सकाळी ऊन अंगणात आल्यावर तिनं धुरपताला उन्हात बसवलं, तोंड इकडं कर, तिकडं कर, अन् एका डोळ्यानं सावकाश बघितलं. शेवटी म्हणाली, "वाळली हायेस."

आठव्या दिवशी धुरपता एकटीच परत आली. देवकाबाईनं तिला दारात उभी ठेवली. दुपार गेली, उन्हं कलली. बकाराम शेतातून आला, दोघींकडं बघितलं अन् बैलांना पाणी दाखवायला गेला. दिवा लावायच्या वेळी देवकाबाई उठली, सुनेच्या हातातलं सूप घेतलं, उलटं करून बघितलं.

"हे कोनाचं?"

"मिलचं. चुकून आलं."

"चुकून लय काही होते तुह्याकडून." मग आत जाता जाता पाठमोरीच म्हणाली, "डोळा हाय काय अजून?"

"हाय. थोडा."

"मी गेली तवा नव्हता," देवकाबाई म्हणाली. "मायनं माह्या नाकावरून ओळखलं मले." अन् चुलीत काटक्या घातल्या. पुढच्या अक्तीला तिनं मुराळ्याचं नावही काढलं नाही. धुरपतानंही विचारलं नाही. नियम मोडला असं कोणी म्हणालं नाही. पाळला असंही नाही. ती दर वर्षी एकटीच जायला लागली, अन् दर वर्षी आठ दिवस आधीपासून तिचा जीव गोदामात कोंडल्यासारखा व्हायचा.

आल्बम निघाला. पुठ्ठ्यावर बँडचं नाव छापलं, मास्तरचं छापलं, कवडूचंही बारीक अक्षरात आलं. धुरपताच्या नावाच्या जागी लिहिलं, "व इतर". मास्तर त्याच वर्षी बदली होऊन खरगपूरला गेला. जाताना त्यानं सेठजीकडं एक आल्बम ठेवला, पण सेठजीच्या दिवाणखान्यात पाखडणाऱ्या बायांनी ऐकायला कसं जायचं? म्हणून धुरपतानं ते ऐकलंच नाही, आठ वर्षं.

सत्तावनच्या अक्तीला ती स्टेशनाकडं चालली होती. माय तेव्हा पार आंधळी झाली होती, पण जिवंत होती, अन् पावलांवरून ओळखायची. रस्त्यात एका चहाच्या हॉटेलात फोनो वाजत होता. सेठजीकडची जुनी तबकडी कशी कशी फिरत तिथं आली होती. धुरपता उन्हातच थांबली. ट्रम्पेट, कवडूची ढोलकी, अन् खाली सरसरझप्प, सरसरझप्प, जसं काही कोणी मागं लागलंय. बाकावर बसलेला एक पोरगा मान डोलावून म्हणाला, "क्या ताल है."

कोणाला काय ठाऊक तो ताल कसला. तिला मात्र सगळं ऐकू आलं: फटीतली उन्हाची रेघ, पाटाशेजारचं गाठोडं, अन् भिंतीपलीकडं उभी असलेली गाडी. तबकडीत ती गाडी अजून सुटली नव्हती. श्यामलाल अजून नळापाशी बसलेला होता. अन् ती बाई अजून आतच होती, दाराकडं बघत सूप हलवत.

"ये गा," तिनं हॉटेलवाल्याला हाक मारली. "बंद कर ना ते."

"काऊन व बाई? चांगलं तं हाय. आयकून जाय."

"मले तीनची गाडी पकडाची हाय."

"तीन मिनटाची तं तबकडी."

"तेवढ्यातच चुकली होती," धुरपता म्हणाली, अन् गाठोडं दुसऱ्या काखेत घेऊन चालू लागली.